वर्ग दोनची जमीन आणि ऑस्लोचा पथकरनाका

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर भूधारणा पद्धती या मथळ्याखाली एक लहानशी नोंद असते: भोगवटादार वर्ग १ किंवा भोगवटादार वर्ग २. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड या तालुक्यांत, जेथे निजामी अमलातील मदतमाश आणि खिदमतमाश इनामांचे अवशेष दप्तरांतून अद्याप पुरते नाहीसे झालेले नाहीत, तेथे या नोंदीतील एका अंकावर खरेदीखते अडतात, कर्जप्रकरणे खोळंबतात आणि भावाभावांच्या वाटण्या लोंबकळत राहतात. हे वर्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २९ व्या कलमाने निर्माण केले, आणि ती संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, ऑस्लोजवळच्या लिसेबू येथे भरलेल्या एका परिषदेत, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोन नॉर्वेजियन विद्वानांनी सिम्युला ६७ ही संगणकभाषा मांडली, आणि तिच्यातील क्लास, सबक्लास व ऑब्जेक्ट या कल्पनांतून पुढे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा अवघा वंशविस्तार झाला. मुंबईच्या विधानमंडळाला ऑस्लोची वार्ता नव्हती, आणि ऑस्लोला मराठवाड्याच्या इनामांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन्हीकडे सोडवावयाचे कोडे एकच होते, हे ध्यानात आल्यापासून संकेतस्थळाच्या उभारणीला ऑब्जेक्टची पद्धत मानवते की नाही, या प्रोग्रॅमर मंडळींच्या जुन्या वादाकडे मी तहसील कचेरीच्या खिडकीतून पाहू लागलो, आणि तेथून तो वाद मला पुष्कळच स्पष्ट दिसला.

मुंबईपुढचे कोडे असे होते. १९५६ साली भाषावार पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला; पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. या राज्यात जमीन महसुलाचे तीन निरनिराळे कायदे एकाच वेळी नांदत होते. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ ची मुंबई जमीन महसूल संहिता, विदर्भात १९५४ ची मध्यप्रदेशची संहिता, आणि परभणीसह सबंध मराठवाड्यात १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा. विदर्भातला भूमिस्वामी निराळा, भूमिधारी निराळा. आमच्याकडचा पट्टेदार निराळा आणि इनामदार त्याहून निराळा. या सर्वांना एकाच संहितेत आणावयाचे, तर प्रत्येकाचे वेगळेपण पुसून चालणार नव्हते आणि प्रत्येकासाठी वेगळा कायदा ठेवूनही चालणार नव्हते. कायदा रचणाऱ्यांनी मार्ग काढला तो असा, की जमीन धारण करणाऱ्या सर्वांना समान असणारे जे हक्क आणि जी दायित्वे, ती भोगवटादार या एका कल्पनेत गोळा करावी आणि भेद तेवढा खालच्या पायरीवर ठेवावा: ज्याला हस्तांतरणाचे निर्बंध नाहीत तो वर्ग १, ज्याला ते आहेत तो वर्ग २. भूमिस्वामी पहिल्या वर्गात गेला, भूमिधारी दुसऱ्यात. निर्बंध असलेली इनामे व शासनाने वाटलेल्या जमिनी दुसऱ्यात गेल्या, आणि तशा जमिनींसाठी गावपातळीवर गाव नमुना १-क ही स्वतंत्र नोंदवही आली.

आता ऑस्लोकडे वळू. निगार्ड हा मूळचा संरक्षण संशोधनातला गणिती. अणुभट्टीची आकडेमोड करता करता तो क्रियासंशोधनाकडे, म्हणजे रांगा, वाहतूक आणि कारखाने यांच्या अभ्यासाकडे, वळला, आणि अशा व्यवस्थांची प्रतिकृती संगणकात चालवून पाहता यावी म्हणून त्याने डालच्या साहाय्याने १९६२ पासून सिम्युला ही भाषा घडवली. इथवरची कथा सर्वश्रुत आहे. खरा वादाचा मुद्दा आहे तो सबक्लासच्या जन्माचा.

एका पक्षाचे म्हणणे असे, की या कल्पनेचे पितृत्व टोनी होअर या इंग्रज विद्वानाकडे जाते. होअरने १९६५ साली रेकॉर्ड हँडलिंग या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केले होते आणि १९६६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील विलार-द-लान्स या गावी झालेल्या अभ्यासवर्गात त्यावर व्याख्याने दिली. डाल तेथे होता. होअरचे रेकॉर्ड म्हणजे निरनिराळ्या रकान्यांची एक नोंद, आणि रेकॉर्ड क्लास म्हणजे एकाच नमुन्यातील नोंदींचा समूह. क्लास ही संज्ञादेखील डाल आणि निगार्ड यांना तेथूनच मिळाली. दुसरा पक्ष म्हणतो, की होअरच्या नोंदी निर्जीव होत्या, त्या रकाने धारण करीत पण स्वतः काही करीत नसत. सिम्युलातील सजीव वस्तू निपजली ती एका पुलावरच्या पथकरनाक्याच्या उदाहरणातून. नाक्यावर रांग लागली आहे, तीत काही ट्रक आहेत, काही बसगाड्या आहेत. रांगेत उभे राहणे, पुढे सरकणे, कर भरणे हे सर्वांना समान, परंतु ट्रकचे काही गुणधर्म बसला नाहीत आणि बसचे ट्रकला नाहीत. ही समान अंगे एकदाच लिहावी आणि ट्रक व बस यांच्या वर्णनांपुढे ती उपसर्गाप्रमाणे जोडावी, ही युक्ती १९६६ च्या डिसेंबरात त्यांना सुचली, आणि तिच्यातूनच इनहेरिटन्स नावाचा सारा पसारा उभा राहिला.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु माझा कल निःसंशय पहिल्याकडे आहे, आणि तो का, हे सांगणे अवश्य आहे. नाक्याने सिम्युलाला चैतन्य दिले हे खरे, पण ज्या साच्यात ते चैतन्य ओतले गेले तो साचा नोंदवहीचा होता. होअरच्या रेकॉर्डमागे कोबोल या संगणकभाषेतील व्यापारी नोंदी होत्या, कोबोलमागे छिद्रित पत्रे होती आणि त्यांच्यामागे १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हॉलरिथने बनविलेली यंत्रे होती. म्हणजे ऑब्जेक्टच्या कुळात मूळपुरुष शोधत गेले तर शेवटी भेट होते ती मोजणी आणि पाहणी करणाऱ्या कारकुनाशी. त्यामुळे ऑब्जेक्ट आणि सातबारा ही दूरची का होईना, पण भाऊबंदच आहेत, असे मी धरून चालतो. आणि भाऊबंदांत होते तसे त्यांचे पटते कोठे आणि फाटते कोठे, यातच संकेतस्थळाच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

फाटते ते प्रथम आयुष्याच्या बाबतीत. नाक्यावरचा ट्रक ट्रक म्हणून रांगेत येतो आणि ट्रक म्हणूनच निघून जातो. सिम्युलात, आणि तिच्या वंशातल्या जावा, सी-शार्प यांसारख्या भाषांतही, ऑब्जेक्टचा क्लास जन्मतः ठरतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. जमिनीचे तसे नाही. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन आणि नजराणा भरून वर्ग २ ची जमीन वर्ग १ होते. त्यासाठी २०१९ साली शासनाने स्वतंत्र नियमही केले. फेरफार मंजूर झाला की गट तोच राहतो, क्षेत्र तेच, पोटखराब तोच, बांध तोच, आणि वर्ग मात्र पालटतो. ज्या प्रोग्रॅमरने उत्साहाच्या भरात वर्ग १ चा एक क्लास आणि वर्ग २ चा दुसरा क्लास लिहिला असेल, त्याला अशा वेळी जुना ऑब्जेक्ट मोडून नवा घडवावा लागेल, जुन्याकडे बोट दाखविणारे सर्व दुवे नव्याकडे वळवावे लागतील, आणि एवढे करूनही हा तोच गट आहे ही गोष्ट यंत्राला निराळी सांगावी लागेल.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वर्ग २ हा वर्ग १ चा सबक्लास मानावा काय? सकृद्दर्शनी तसा मोह होतो, कारण सर्व हक्क तेच, फक्त हस्तांतरणावर निर्बंध. परंतु एमआयटीच्या बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मधील एका व्याख्यानात जी कसोटी सांगितली, तिच्यानुसार मूळ क्लास जेथे चालतो तेथे त्याचा सबक्लास विनातक्रार चालला पाहिजे. वर्ग १ ची जमीन गृहीत धरून लिहिलेली खरेदीची प्रक्रिया वर्ग २ च्या जमिनीवर चालविली तर ती परवानगीविना झालेले, म्हणजे शर्तभंगाचे, खरेदीखत नोंदवील. कसोटी तेथेच मोडते. १९६६ च्या संहितेने हा मोह टाळला होता. तिने एका वर्गाला दुसऱ्याच्या पोटी घातले नाही, दोघांनाही भोगवटादाराच्या खाली समांतर ठेवले, आणि १९७१ च्या अधिकार अभिलेख व नोंदवह्यांच्या नियमांखाली आलेल्या गाव नमुन्यांनी तर तो वर्ग केवळ एका रकान्यात लिहून ठेवला, जेथे तो खोडता येतो आणि खोडल्याचा फेरफार क्रमांक शेजारी राहतो. मार्टिन फाउलर याने २००२ साली व्यापारी प्रोग्रॅमच्या रचनांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात सबक्लासची सारी भावंडे एकाच कोष्टकात ठेवून कोण कोणत्या क्लासचा हे एका रकान्यात लिहिण्याची पद्धत सांगितली आहे, आणि रुबी ऑन रेल्स या संकेतस्थळ-रचनेच्या साधनाने ती घरोघरी नेली. प्रोग्रॅमर एवढा वळसा घालून ज्या रकान्यापाशी आले, त्या रकान्यात सोनपेठचा तलाठी कित्येक वर्षे शाईने लिहीत होता.

आता उसनवारीचा प्रश्न. संकेतस्थळाच्या क्षेत्रात ऑब्जेक्ट आला कोणत्या वाटेने? आज ज्याला त्याला एमव्हीसी, म्हणजे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, ही त्रयी शिकविली जाते. तिचा कर्ताही नॉर्वेजियनच: ट्रिग्वे रीन्सकाउग. जहाजबांधणीच्या संगणकीय आरेखनात मुरलेला हा गृहस्थ १९७८ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत अभ्यागत म्हणून गेला, जेथे ॲलन के आणि त्याचे सहकारी सिम्युलाच्या बीजातून स्मॉलटॉक ही भाषा वाढवीत होते. तेथे त्याने मे १९७९ मध्ये चार घटकांची एक रचना लिहून काढली आणि डिसेंबरात ती तीन घटकांवर आणली. मॉडेल बदलले की त्याचे पडद्यावरील प्रत्येक दर्शन आपोआप बदलावे, हा तिचा प्राण. माणूस यंत्रासमोर बसलेला आहे, ऑब्जेक्ट स्मृतीत जिवंत आहे, आणि दोघांचा संवाद अखंड चालू आहे, हे तीत गृहीत आहे.

संकेतस्थळाचा स्वभाव नेमका याच्या उलट. त्याचा एचटीटीपी हा व्यवहारनियम टपालासारखा आहे: मागणी येते, उत्तर जाते, आणि सर्व्हर मागणाऱ्याला विसरतो. ही विस्मृती सोसेना म्हणून नेटस्केपच्या लू माँटुली याने १९९४ मध्ये कुकी नावाची ओळखचिठ्ठी काढली. अशा ठिकाणी मॉडेलने दर्शनाला आपण बदललो असे कळवावयाचे तरी कोणाला? दर्शन तर केव्हाच परभणीच्या एखाद्या सेवा केंद्रातील छपाईयंत्रावर उतरून शेतकऱ्याच्या खिशात गेलेले असते. मग ही त्रयी येथे आणली कोणी? याविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. एक परंपरा नेक्स्ट कंपनीच्या १९९६ मधील वेबऑब्जेक्ट्स या साधनाला मान देते, ज्याची ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा स्मॉलटॉकचीच शिष्या. दुसरी परंपरा जावाकडे बोट दाखविते: जावाच्या सर्व्हरपृष्ठांसाठी मॉडेल २ नावाची एक मांडणी सुचविली गेली होती, तिची एमव्हीसीशी सांगड गोविंद शेषाद्री यांनी डिसेंबर १९९९ मधील एका लेखात घातली, आणि पुढच्याच वर्षी क्रेग मॅक्लॅनाहन याच्या स्ट्रट्स या साधनाने ती रूढ केली. माझ्या मते आचार वेबऑब्जेक्ट्सचा जुना असला तरी नाव आणि कीर्ती दुसऱ्या वाटेने आली. कारण पुढच्या पिढ्यांनी त्रयीचे जे स्वरूप उचलले त्यात दर्शनाला आपोआप कळविण्याचा प्राण राहिलाच नव्हता, उरली होती ती कामाची वाटणी. मागणी कोणी स्वीकारावी, हिशेब कोणी करावा आणि उत्तराचे पान कोणी सजवावे, एवढीच ती वाटणी. आणि अशी वाटणी आवक बारनिशी, टेबल आणि जावक बारनिशी यांच्या रूपाने प्रत्येक सरकारी कचेरीत पूर्वीपासून आहे. ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तिचे श्रेय ऑब्जेक्टला देणे मला अन्यायाचे वाटते.

ऑब्जेक्टच्या बाजूने खरा निकराचा प्रयत्न झाला तो निराळाच, आणि त्याचा माग मला आपल्याच राज्याच्या भूलेख संकेतस्थळाच्या पत्त्यात लागला. परभणीचा सातबारा पाहणारा मनुष्य तेथे औरंगाबाद विभाग निवडीत असे, मग जिल्हा, तालुका, गाव. आणि त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी एएसपीएक्स ही अक्षरे असत. ही अक्षरे म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटची कुळखूण. १९९७ च्या नाताळाच्या सुटीत स्कॉट गथ्री या तरुणाने तिचा पहिला मसुदा लिहिला आणि २००२ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध झाली. तिच्या वेब फॉर्म्स या भागाची प्रतिज्ञा मोठी होती: व्हिज्युअल बेसिकमध्ये टेबलावरच्या संगणकासाठी खिडक्या व कळा रचणाऱ्या प्रोग्रॅमरला संकेतस्थळही तसेच रचता यावे, कळ हा ऑब्जेक्ट, यादी हा ऑब्जेक्ट, आणि सर्व्हरवर ते जणू अखंड जिवंत आहेत असा भास राहावा. विस्मरणशील टपालावर हा भास निर्माण करावयाचा, तर ऑब्जेक्टची सारी अवस्था कोठेतरी जपली पाहिजे. ती व्ह्यूस्टेट नावाच्या गाठोड्यात बांधून प्रत्येक पानाच्या पोटात लपविली जाई, पानाबरोबर ती ब्राउझरकडे जाई आणि पुढच्या मागणीबरोबर परत सर्व्हरकडे येई. ऑब्जेक्ट प्रत्येक मागणीला नव्याने जन्मास येई, गाठोड्यातून आपली पूर्वस्मृती परिधान करी, एक काम करी आणि मरे. एवढ्या खटाटोपाने जे साधले ते एका साध्या फॉर्मने साधले असते, कारण जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक ही चार उत्तरे एकत्र धाडली की सातबारा शोधण्यास आणखी काही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच २००९ मध्ये एएसपी डॉट नेटसाठी एमव्हीसीची वेगळी वाट उघडली, आणि तीत हे गाठोडे नव्हते.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत समर्थ युक्तिवाद विचारात घेतला पाहिजे. ॲलन के याने पुढे वारंवार प्रतिपादन केले, की ऑब्जेक्टचे मर्म क्लासमध्ये नसून संदेशांत आहे. एकमेकांचे अंतरंग न जाणता संदेशांनीच बोलणारे स्वतंत्र संगणक, हे त्याचे ऑब्जेक्टचे चित्र. मग प्रत्येक सर्व्हर हाच एक ऑब्जेक्ट आणि सबंध जाळे हा जगातील सर्वांत मोठा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅम, असे का म्हणू नये? कल्पना भव्य आहे, आणि मी बराच काळ तिच्या मोहात होतो. परंतु जाळ्याच्या रचनेविषयीच्या रॉय फील्डिंगच्या २००० सालच्या प्रबंधाने तो मोह मला सोडावा लागला. ऑब्जेक्टला स्वतःची क्रियापदे असतात: ट्रक माल उतरवितो, बस प्रवासी घेते. जाळ्यावर मात्र क्रियापदे मूठभर आणि सर्वांना तीच: दे, घे, ठेव, काढून टाक. शिवाय जाळ्यावर मूळ वस्तू कधीच हाती पडत नाही, पडते ती तिची त्या क्षणीची नक्कल. आणि ही व्यवस्था अभिलेखागाराची आहे. मूळ नोंदवही जागेवरून हलत नाही, अर्जदाराला प्रमाणित नक्कल मिळते, आणि १ मे २०१८ पासून तर महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या उतरवून घेता येतो. सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना फील्डिंगचा सिद्धांत समजण्यास मुळीच जड जाऊ नये.

मग ऑब्जेक्टला या घरात जागाच नाही काय? आहे, आणि ती दर्शनी भागात आहे. टिम बर्नर्स-ली याने १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्या यंत्रावर, ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत, तिच्या तयार क्लासांचा आधार घेऊन. आणि सर्नमधील त्याचा सर्व्हर मात्र साध्या सी भाषेत होता. जन्माच्या वेळीच झालेली ही विभागणी मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. ब्राउझरमध्ये माणूस समोर बसलेला असतो, पान डोळ्यांपुढे जिवंत असते, कळ दाबली की तत्क्षणी काही घडावयाचे असते. रीन्सकाउगने जे गृहीत धरले होते ते सारे तेथे आहे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक याने अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट घडविली, तेव्हा तिच्यात ऑब्जेक्ट घेतले ते सेल्फ या भाषेच्या धर्तीवर, आणि त्या भाषेचा उगमही झेरॉक्स पार्कमध्येच. १९९८ च्या ऑक्टोबरात पानातील प्रत्येक परिच्छेद, कोष्टक आणि फॉर्म हा ऑब्जेक्ट मानणारे प्रमाण ठरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप घेऊन शेतकरी स्वतः शिवारात उभा राहतो, पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह टिपतो आणि गाव नमुना १२ ची नोंद भरतो. त्याच्या हातातील पडद्यावरची कळ, नकाशा आणि छायाचित्र हे ऑब्जेक्ट म्हणून कल्पिले तर काम सुकर होते, पण पाहणीची नोंद दप्तरी दाखल झाली की तिने निमूटपणे रकान्यांत बसावे, तेथे तिला क्लासांची वंशावळ चिकटवू नये.

माझ्या या विभागणीविरुद्ध एक पुरावा आहे आणि तो वजनदार आहे. ब्राउझरच्या बाजूला फेसबुकने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रिॲक्ट या साधनाने प्रथम क्लासांचा आश्रय केला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने हुक्स आणले आणि तेव्हापासून त्याच्या रचनाकारांचा मोठा वर्ग क्लास सोडून फंक्शनकडे गेला. तेव्हा दर्शनी भागातूनही ऑब्जेक्टची गच्छंती झाली, असे कोणी म्हणेल. मी तसे मानीत नाही. हुक्सने जे केले ते एवढेच, की पडद्यावरील घटकाची स्मृती क्लासच्या रकान्यांतून काढून फंक्शनच्या ओटीत दिली. घटक पूर्वीप्रमाणेच जन्मतो, आपली अवस्था जपतो, वापरणाऱ्याच्या कृतीला उत्तर देतो आणि पडद्यावरून गेला की संपतो. गेला तो क्लास, आणि क्लास हा होअरच्या नोंदवहीचा वारसा होता. राहिला तो नाक्यावर रांगेत उभा असलेला, स्वतःचे आयुष्य असलेला ट्रक.